टेम्पो आकुर्डीचा, भाजी गुलटेकडीची

ज्यांना ऐकायचंय त्यांनी ऐका, आणि ज्यांचा डेटा संपलाय किंवा जे आत्ता कंपनीच्या बसमध्ये इअरफोन घरी विसरून बसलेत, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत.

एका श्रोत्याने विचारलं होतं, "ताई, इतिहास म्हणजे किल्ले आणि लढायाच का?" तर आज किल्ला नाही. आज भाजी. आणि तीही आपल्याच पिंपरी-चिंचवडची.

सुरुवात मी राहते तिथूनच करते. नेहरूनगरमधून विठ्ठलनगरकडे वळताना एका कोपऱ्यावर एक मावशी बसतात. रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, गोणपाटावर वांगी, भेंडी, मिरची आणि शेवटच्या दोन मलूल मेथीच्या जुड्या. वर बॅटरीचा बल्ब. भोसरीच्या वर्कशॉपमधून ओव्हरटाइम करून सुटलेली पोरं सायकली, बाइक थांबवतात. मावशींकडे तराजू आहे, पण त्या वेळी तो कुणी मागत नाही. सगळं वाट्यावर. वीस रुपयाला वाटा.

मागच्या महिन्यात मी भेंडीचा एक वाटा घरी नेऊन वजन केलं. दोनशे वीस ग्रॅम. म्हणजे किलोला नव्वद रुपये झाले. त्याच दिवशी पिंपळे सौदागरच्या एका एसी दुकानात भेंडी साठ रुपये किलो होती, धुतलेली, जाळीच्या पिशवीत. मी दुसऱ्या दिवशी मावशींना हे सांगितलं. वाटलं, चिडतील. त्या हसल्या. म्हणाल्या, "मग त्या दुकानात जाऊन वीस रुपयाची भेंडी माग. आणि सांग, पैसे शनिवारी देते."

हे वाक्य डोक्यात ठेवा. आपण परत तिथे येणारे.

आता प्रश्न असा. इथून मोशी जवळ. चिखली जवळ. चाकण पंचवीस किलोमीटरच्या आत. तिन्हीकडे पिढ्यान् पिढ्या शेती. मग वस्तीत पोचेपर्यंत भाजी महाग आणि शिळी का होते? उत्तरासाठी सत्तर वर्षं मागे जायला लागतं.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावं होती. पवनेच्या, इंद्रायणीच्या, मुळेच्या काठाने मळे होते. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची छावणी उभी राहिली, म्हणून आपण अजून 'पिंपरी कॅम्प' म्हणतो. त्या छावणीभोवती बाजार वाढला, आणि आजही आपल्या शहरातली सगळ्यात गजबजलेली बाजारपेठ तीच आहे. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पेनिसिलिनचा सरकारी कारखाना. आपल्या 'एचए कॉलनी'तलं एचए ते हेच. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. मग बजाज, टेल्को, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉप. १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महानगरपालिका.

मधलं साल महत्त्वाचं आहे, १९७२. त्या साली दोन गोष्टी घडल्या. एक, पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. कामगारांना रास्त दरात घरं मिळावीत म्हणून आजूबाजूच्या गावांची जमीन संपादित करायची, पेठा आखायच्या, प्लॉट पाडायचे. दुसरी, महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबादकडून माणसं मिळेल त्या वाहनाने इकडे येत होती.

मावशी त्यातल्याच. बार्शीकडच्या. "मी पाच वर्षांची होते. बाप खडी फोडायला लागला. आम्ही पत्र्याच्या खोपटात." ज्या इमारतींसाठी त्यांच्या वडिलांनी खडी फोडली त्यात त्यांना घर मिळणं शक्य नव्हतं, कारण रास्त दराचाही हप्ता असतो आणि हप्त्याला पगाराची पावती लागते. मग कंपन्यांच्या भिंतींना लागून, नाल्याच्या कडेने, रेल्वेलाइनच्या बाजूने वस्त्या उभ्या राहिल्या. पत्राशेड, आनंदनगर, भाटनगर, लांडेवाडी, गवळीमाथा. नावं तुम्हाला माहितीयत, तुमच्यापैकी बरेच जण तिथूनच ऐकताय.

आणि जमीन गेली ती कुणाची? ज्यांच्या मळ्यातून भाजी येऊ शकली असती त्यांची. त्या शेतकऱ्यांच्या घरात 'साडेबारा टक्के' हा आकडा आजही कसा बोलला जातो ते ऐकलंय का कधी? संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची होती. त्या परताव्यावर निवडणुका लढल्या गेल्या, आणि २०२१ मध्ये प्राधिकरण पीएमआरडीएत विलीन झालं तरी तो विषय संपला नाही. ज्यांना मिळाला त्यांनी त्या जमिनीवर वांगी लावली नाहीत. भाड्याच्या खोल्या बांधल्या. मला त्यात काही चूक दिसत नाही, कुणीही तेच केलं असतं. पण परिणाम बघा: शहर जसजसं वाढलं तसतसा मळा शहरापासून लांब सरकला. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी पुढे होती. २०११ ला १७ लाख २७ हजार. दहा वर्षांत सात लाख तोंडं वाढली.

बरं, मोशी-चिखलीत तरीही शेती होतीच. त्या मेथीने सरळ भोसरीत यायला काय हरकत होती?

इथे एक कायदा येतो. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायदा, १९६३. आपल्याकडे हल्ली बाजार समिती म्हटलं की लोक 'दलाल, लूट' असं एका श्वासात म्हणतात. पण हा कायदा आला तेव्हा तो शेतकऱ्याच्या बाजूने होता. त्याआधी व्यापारी शेताच्या बांधावर येऊन, कर्जापोटी, मन मानेल त्या भावाने माल उचलायचा. रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा. शेतकरी समोर उभा, पण त्याला त्याच्याच मालाचा भाव कळायचा नाही. कायद्याने सांगितलं की ठोक खरेदी यार्डात होईल, परवानाधारकच करेल, उघड लिलावाने होईल.

शेतकऱ्याने स्वतः, घरगुती वापरासाठी, गिऱ्हाइकाला थेट विकायला त्या कायद्यात आडकाठी नव्हती. अडचण दिवसाची होती. शंभर जुड्या मेथी रस्त्यावर बसून विकायची तर पूर्ण दिवस जातो, आणि शेत तुमची वाट बघत थांबत नाही. मग शेतकरी काय करणार? माल गाडीत टाकून यार्डात पाठवणार.

आणि मोठं यार्ड कुठे? पुण्यात. १८८६ साली उघडलेली रे मार्केटची इमारत, जिला आपण महात्मा फुले मंडई म्हणतो, तिच्याभोवती पुण्याचा भाजीव्यापार उभा राहिला, आणि पुढे ठोक बाजार गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला. म्हणजे मोशीची मेथी रात्री वीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला गुलटेकडीला जायची, शेकड्याने विकली जायची, आणि पहाटे तितकाच रस्ता परत येऊन पिंपरीत उतरायची. प्रत्येक टप्प्यावर हमाली, तोलाई, आडत, भाडं. आणि मेथीचं तुम्हाला माहितीय, ती पाटीत दाबली की दुपारपर्यंत काळी पडते.

पुढे पुणे बाजार समितीचे उपबाजार झाले, पिंपरीत आणि मोशीत. त्याने फरक पडला. मावशी आज गुलटेकडीला जात नाहीत. पण मोशीच्या उपबाजारातही सगळा माल मोशीचा नसतो. टोमॅटो नारायणगावकडून येतो, मटार सीझनमध्ये पार परराज्यातून. मोठा बाजार मोठ्या गाडीला ओढतो. तिथे दहा किलोच्या भावाने बोलतात. पाव किलोवाल्याचा तिथे काही संबंधच नसतो.

आता थोडं विषयांतर करते, पण हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. 'टेम्पो' हा शब्द कुठला? आपण सर्रास म्हणतो, 'टेम्पो आला, टेम्पो लाव बाजूला.' हा शब्द आकुर्डीतून घराघरात गेला. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ टेम्पो नावाने तीनचाकी गाड्या बनवणारी कंपनी होती. तिच्याशी करार करून १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी निघाली, नवलमल फिरोदियांच्या पुढाकाराने, आणि तिचा कारखाना आकुर्डीत आला. आधी तीनचाकी हॅन्सीट, मग मॅटाडोर. कंपनीचं नाव गाडीला चिकटलं, आणि मग दुसऱ्या कंपनीची गाडी असली तरी ती टेम्पोच. २००५ मध्ये कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. आणि योगायोग बघा, त्याच २००५ मध्ये टाटांनी एस बाजारात आणली. आपला छोटा हत्ती. सुरुवातीला ती बनायची आपल्याच शहरात.

म्हणजे देशभरातली भाजी ज्या गाड्यांवर बसून फिरते त्या गाड्या आपल्या वस्त्यांमधल्या लोकांनी बनवल्या. माझे वडील सुट्या भागांच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर होते. त्यांच्या हातून गेलेला एखादा ब्रॅकेट कुठल्यातरी छोट्या हत्तीत असेलच. आणि आमच्या घरी पालेभाजी फक्त रविवारी व्हायची.

का रविवारी? पैसे हे एक कारण, पण एकच नाही. दुसरं कारण शिफ्ट. ताजी भाजी सकाळी असते. वडील पहिल्या शिफ्टला सहाला बाहेर पडायचे, आई दोन घरची धुणी-भांडी करायला सातला. संध्याकाळी आई परत येईपर्यंत मंडईत उरलेलं असायचं ते दोन नंबर. पालेभाजी निवडायला वेळ लागतो, आणि एका खोलीत फ्रीज नाही म्हणजे सकाळची आणून ठेवता येत नाही. मग बटाटा, कांदा, वांगं, डाळ. टिकणारं. लहानपणी मला वाटायचं आम्हाला बटाटा आवडतो.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणसाने रोज किमान चारशे ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात. पाच माणसांच्या घराला दोन किलो. रोज. मावशींच्या कोपऱ्यावर दोन किलो भाजी एकदम घेणारं गिऱ्हाईक मी गणपतीच्या जेवणावळीशिवाय पाहिलेलं नाही. एक वाटा, फार तर दोन. आणि घरात वाढताना तो वाटा कसा वाटला जातो तेही सांगायला नको. आईच्या ताटात रस्सा येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. माझ्या आईचं पण कमी निघालं होतं. डॉक्टरांनी पालक खायला सांगितला. ती घरी येऊन म्हणाली, "पालक काय औषधाच्या दुकानात मिळतो का, चिठ्ठीवर?"

आता मावशींच्या हिशोबाकडे. मी त्यांच्यासोबत एका पहाटे मोशीला गेले. पावणेचारला निघालो. पाच बायकांनी मिळून एक टेम्पो ठरवलेला, भाडं वाटून. तिथे त्या अडत्याकडून थेट घेत नाहीत, परवडतच नाही. अडत्याकडून क्रेट उचलणाऱ्या मधल्या माणसाकडून फोडून घेतात. चार किलो भेंडी, पाच किलो वांगी, मिरची, कोथिंबिरीच्या वीस जुड्या. तेवढ्यासाठी हमाली, टेम्पो, चहा. भेंडीतली अर्धा किलो जून निघणार हे त्यांना घेतानाच माहीत असतं. कोथिंबिरीचा शेवटचा तिसरा हिस्सा फुकट वाटायला किंवा फेकायला. उधारी सगळी वसूल होत नाही. आणि आधी भांडवल व्याजाचं असायचं: सकाळी हजार घ्यायचे, रात्री पन्नास जास्त द्यायचे. रोज. २०२० च्या लॉकडाऊननंतर केंद्राची स्वनिधी योजना आली, पहिलं कर्ज दहा हजारांचं. मावशींना ते मिळालं आणि रोजचं व्याज सुटलं. "पोरीच्या लग्नापेक्षा जास्त आनंद झाला," म्हणाल्या. मग पोरीकडे बघून, "तू नको ऐकू."

हे सगळं त्या दोनशे वीस ग्रॅममध्ये आहे. नव्वद रुपये किलोत उधारीची वही आहे, रात्री साडेनऊपर्यंत उघडं राहणं आहे, घरापासून पन्नास पावलांवर असणं आहे.

दोन कायदेशीर बदल अलीकडचे आहेत, आणि दोन्ही मावशींपर्यंत वाकडे होऊन पोचले.

पहिला जुलै २०१६ चा. राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. शेतकरी यार्डाबाहेर कुठेही विकू शकतो. आणि आडत शेतकऱ्याकडून कापायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. मला हे योग्य वाटतं. विकणाऱ्यानेच दलालाचा पगार द्यायचा ही उलटी रीत होती. पण साखळीत शेवटचा खरेदीदार कोण? चार किलो भेंडी घेणारी बाई. वरच्याने आडत भावात मिसळली आणि खाली ढकलली. मावशींना २०१६ चा निर्णय माहीत नाही. त्यांना एवढंच आठवतं की एका पावसाळ्यात मार्केट बंद पडलं होतं आणि चालू झालं तेव्हा माल चढाच मिळायला लागला.

त्याच वर्षी पणन मंडळाने संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू केलं. शेतकरी गट थेट शहरात येऊन विकणार. मी असे दोन-तीन बाजार पाहिलेत आणि भाजी खरंच उत्तम असते. पण मी पाहिले ते सगळे मोठ्या सोसायट्यांजवळ होते, पार्किंग असलेले. शेतकरी गटाचं चुकलं असं नाही. टेम्पो भरून आणलाय, तो तीन तासांत रिकामा व्हायला हवा, तर किलोने घेणारं गिऱ्हाईक लागणार. वाट्यावर घेणाऱ्यांच्या गल्लीत तो रात्रीपर्यंत रिकामा होणार नाही.

दुसरा बदल २०१४ चा, पथविक्रेता कायदा. त्याची मुळं न्यायालयात आहेत: १९८९ मध्ये सोदानसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की रस्त्यावर विक्री करणं हा व्यवसायाच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, त्यावर वाजवी बंधनं घालता येतील. पंचवीस वर्षांनी संसदेने कायदा केला. सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, विक्रीच्या जागा आखा, सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला हटवू नका. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं ही त्यातली मर्यादा. २०११ च्या लोकसंख्येवर हिशोब केला तर आपल्या शहरात साधारण त्रेचाळीस हजार जागा येतात. तुम्ही रोज जाता त्या रस्त्याने आखलेल्या जागा मोजा, आकडा मला पाठवा.

आपण हॉकर झोनबद्दल बोलतो तेव्हा नेहमी विक्रेत्याच्या पोटाबद्दल बोलतो. ते बरोबरच आहे. पण हातगाडी कोपऱ्यावरून अर्धा किलोमीटर हलवली की दुसरंही एक पोट हलतं. नऊ वाजता थकून आलेली बाई तेवढं चालत जाणार नाही. त्या रात्री डाळ-भात होईल, नाहीतर पाच रुपयाचं वेफर्सचं पाकीट पोराच्या हातात पडेल, कारण ते दर दहा पावलांवर मिळतं.

आता चाकण. शेवटी ठेवलं, कारण तिथे हाच इतिहास दुसऱ्यांदा घडतोय, फक्त फास्ट फॉरवर्डमध्ये. चाकणला कारखान्यांच्या आधीपासून कांद्या-बटाट्याचा मोठा बाजार आहे, खेड बाजार समितीचा, आणि त्या आवारालाही महात्मा फुल्यांचंच नाव. शनिवारचा बाजार म्हणजे अख्ख्या तालुक्याचा बाजार. १९९९ मध्ये बजाजचा चाकण प्लांट, २००९ मध्ये फोक्सवॅगन, मग रांगच. चाकणला नगरपरिषद मिळाली ती २०१५ मध्ये. म्हणजे जगभर गाड्या पाठवणारं गाव तोवर ग्रामपंचायतीवर चाललं होतं! खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, कुरुळी, निघोजे इथे आता ओळीने खोल्या आहेत. एका खोलीत चार-पाच पोरं, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, मराठवाडा, विदर्भ. शिफ्टने झोपतात.

माझा मावसभाऊ तिथे कंत्राटी आहे. त्याच्या खोलीच्या मागच्या बाजूला कांद्याचं शेत होतं, दोन वर्षांपूर्वीपर्यंत. तिथून निघालेला चांगला कांदा यार्डात, तिथून लांब. पोरांना टपरीवर मिळतो तो गोल्टी, सुपारीएवढा, सोलायला कटकट. "शेत खिडकीतून दिसतं आणि कांदा टपरीवरून," तो म्हणायचा. आता शेतही दिसत नाही, तिथे अजून खोल्या झाल्या. सुट्टीच्या दिवशी तो ॲपची डिलिव्हरी करतो. दहा मिनिटांत पालक पोचवतो, सोसायटीच्या बाराव्या मजल्यावर. त्याला विचारलं, स्वतःसाठी कधी मागवलास का? म्हणाला, "खोलीचा पत्ता टाकला तर लोकेशन कंपनीच्या कंपाउंडमध्ये दाखवतं."

मावशींना मी हा भाग रेकॉर्ड करणार असल्याचं सांगितलं. त्यांचं नाव घेऊ नको म्हणाल्या, कोपराही नीट सांगू नको. तो थोडासा सांगितलाय, माफ करा मावशी. मग बराच वेळ शेवटच्या दोन मेथीच्या जुड्यांकडे बघत बसल्या, त्या उचलून माझ्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाल्या, "आईला दे. निवडून दे पण, तिला वेळ नसतो."

तुमच्या भागातला आठवडे बाजार कोणत्या वारी भरतो, आणि रात्री नऊनंतर तुमच्याकडे काय भाजी मिळते, ते मला व्हॉइस नोटवर सांगा. भावासकट सांगा. भेटू पुढच्या भागात.